राष्ट्रगीत म्हणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज आणि सांगली धरून ३१ वर्षं मी शाळेत संगीत शिकवलं. निवृत्त झाले, पण ऑगस्ट उजाडला की फोन सुरू होतात. "बाई, मुलांची पट्टी जमेना, एकदा येऊन जाता का?" त्यापाठोपाठ दुसरे प्रश्न येतात, जे लोक चारचौघांत विचारत नाहीत. म्हणायलाच पाहिजे का? मला काही वाटत नाही, मग मी कसली? रडू येतं, ते कसं थांबवू? जानेवारीत पुन्हा तेच. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त नावगाव काढून टाकलं आहे. दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतली असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाई, राष्ट्रगीत नक्की कोणतं? एका मेसेजमध्ये वंदे मातरम् लिहिलंय.

तो मेसेज हिंदीतून आलेला असणार. हिंदीत 'जन गण मन'ला राष्ट्रगान म्हणतात आणि 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीत. आपल्या मराठीत 'जन गण मन' हे राष्ट्रगीत. त्यामुळे हिंदी मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलला की शाळेच्या भाषणात गोंधळ होतो. माझ्यासमोर एका मुख्याध्यापकांचा झाला आहे. दोन्हींचा निर्णय एकाच दिवसाचा, २४ जानेवारी १९५०. त्या दिवशी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान राहील असं सांगितलं.

२. अर्थ न कळता म्हणण्यात काय अर्थ आहे? ती भाषा तरी कोणती?

भाषा संस्कृत शब्दांनी भरलेली बंगाली. रवींद्रनाथ ठाकुरांनी पाच कडवी लिहिली, त्यातलं पहिलं आपलं राष्ट्रगीत. ते प्रथम गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ रोजी, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात.

मराठी माणसाची गंमत अशी की त्याला ते निम्मं कळतं आणि त्या निम्म्यातलं निम्मं चुकीचं कळतं. 'तव शुभ आशिष मागे' यातलं 'मागे' ऐकून आमच्या पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, आशीर्वाद मागे का? पुढे का नाही?" मागे म्हणजे मागतो. 'जागे' म्हणजे जागा होतो, 'गाहे' म्हणजे गातो. आधी प्रांतांची नावं, मग विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा, मग उसळणारा समुद्र, आणि हे सगळे मिळून तुझ्या नावाने जागे होतात, तुझा आशीर्वाद मागतात, तुझ्या जयाची गाथा गातात. 'तू' कोण? तर लोकांच्या मनांचा अधिनायक, भारताचं भाग्य घडवणारा. (त्यावरून उठलेल्या वादासाठी प्रश्न १० पाहा.)

तरीही खरं सांगू का? अर्थ कळल्यावर मुलं बरं म्हणतात, पण अर्थ न कळणाऱ्या आज्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत असतो. आरतीतल्या किती शब्दांचा अर्थ आपल्याला येतो? म्हणून आरती थांबत नाही.

३. तोंडाने म्हणणं सक्तीचं आहे का? नुसतं उभं राहिलं तर?

नुसतं आदराने उभं राहिलं तर तो अपमान होत नाही. हे माझं मत नाही, सर्वोच्च न्यायालयाचं आहे.

केरळमधल्या एका शाळेत तीन भावंडं होती. त्यांच्या पंथात देवाखेरीज कुणाचं स्तुतिगीत गात नाहीत. राष्ट्रगीताला ती रोज शांत उभी राहायची, फक्त म्हणायची नाहीत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीत म्हणायलाच हवं असा कायदा नाही आणि म्हटलं जात असताना नीट उभं राहणं म्हणजे मान राखणंच, असा निकाल. 'बिजो इमॅन्युएल खटला' म्हणून तो ओळखला जातो. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात त्याची एक प्रत असावी असं मला वाटतं.

दुसऱ्या बाजूला संविधानाचं कलम ५१ क आहे. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, हे त्यात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं. आणि १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा आहे. त्यानुसार जो कुणी जाणूनबुजून राष्ट्रगीत म्हणू देत नाही किंवा म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमचे ओठ हलत होते की नव्हते, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही.

४. मला काहीच वाटत नाही. सगळे भारावलेले असतात आणि मी घड्याळ बघते. माझ्यात काही कमी आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि विचारणाऱ्यांत निम्म्या शिक्षिका आहेत!

शाळेची दहा वर्षं, वर्षाला दोनशेच्या वर दिवस. म्हणजे दहावी होईपर्यंत तुम्ही दोन हजार वेळा राष्ट्रगीत म्हटलेलं असतं, तेही सकाळच्या परिपाठाला, पोटात काही नसताना, समोरच्या मुलीच्या वेणीकडे बघत. "एक साथ राष्ट्रगीत शुरू कर" असा हुकूम आला की तोंड आपोआप सुरू होतं. मन गृहपाठाच्या वहीत असतं. यात पाप काही नाही. देवळासमोरून जाताना आपण चपलेसकट हात जोडून पुढे जातो, तसंच.

पण ते आत कुठेतरी साठत असावं. मी हे म्हणते त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला पूर आला तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ओसरलं आणि तीन-चार दिवसांत १५ ऑगस्ट आला. आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या पटांगणात घोटाभर चिखल. स्पीकर भिजलेला, पेटी फुगलेली, गणवेश कुणाच्या अंगावर नाही. बरीच मुलं अजून छावणीत. जिलेबी तर नव्हतीच. तिथे जेमतेम चाळीसजण उभे होतो. मी सूर दिला आणि 'जन गण' म्हणताना माझ्या शेजारी उभा असलेला आमचा शिपाईमामा, ज्याला मी तीस वर्षांत कधी राष्ट्रगीत म्हणताना ऐकलं नव्हतं, मोठ्याने म्हणायला लागला. त्याचं घर गेलं होतं. देशभक्ती म्हणा, नाहीतर आपण सगळे अजून आहोत हे एकमेकांना सांगणं म्हणा. मला वेगळं करता आलं नाही.

तेव्हा घड्याळ बघत असाल तर बघा. फक्त हातातलं बघू नका, भिंतीवरचं बघा.

५. माझं उलट आहे. दुसऱ्या ओळीलाच गळा दाटतो आणि पुढे म्हणताच येत नाही. काय करू?

हा प्रश्न बहुतेक वेळा फौजी घरांतून येतो. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, ज्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, कारण तिथे पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस लष्करात. देशातली पहिली सैनिकी शाळाही साताऱ्यातच, १९६१ सालची. अशा घरातल्या बाईला ध्वजाच्या दोरीचा आवाज झाला तरी पुढचं सगळं आठवतं. तिला मी गाण्याचा उपाय काय सांगणार?

तरी दोन गोष्टी उपयोगी पडतात. श्वास 'अधिनायक' संपल्यावर घाईने घेऊ नका, 'जय हे' पूर्ण सोडा आणि मग खोल घ्या. आवंढा वरच्या वर घेतलेल्या श्वासानेच अडकतो. आणि नजर झेंड्याच्या टोकाकडे न नेता काठीच्या मध्यावर ठेवा. मान वर ताणली की गळा आणखी आवळतो.

एवढं करूनही आवाज नाही फुटला तर नका म्हणू, उभ्या राहा (प्रश्न ३). रडणं हा राष्ट्रगीताचा अवमान असता तर आमच्या शाळेतल्या अर्ध्या माजी विद्यार्थिनी आत असत्या.

६. मुलं 'जय हे'ला नेहमी किंचाळतात. पट्टी कुठली धरायची?

हा माझा प्रांत. थोडं सविस्तर सांगते.

राष्ट्रगीताची चाल मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातला नी) तार षड्जापर्यंत (वरचा सा) जाते, म्हणजे सप्तकापेक्षा जरासं जास्त. सुरुवात सा, रे, ग अशी सोपी, बोलल्यासारखी. त्यामुळे सुरू करणाऱ्याला वाटतं, वर चढवू, जोश येईल. परिपाठाला पुढे उभी असलेली मुलगी काळी चार-पाचमध्ये (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी, म्हणजे बरीच उंच) सुरू करते. तिचं खालचं सगळं छान जातं. मग शेवटी पहिल्या सुट्या 'जय हे'ला तार षड्ज येतो आणि पटांगणभर किंकाळी. मोठी मुलं, ज्यांचा आवाज फुटतोय, ती तर तिथे गप्पच होतात आणि लोक म्हणतात, आठवी-नववीच्या मुलांत देशप्रेम उरलं नाही. देशप्रेम आहे हो, सूर पोहोचत नाही!

लहान-मोठे एकत्र असतील तर पांढरी एक किंवा काळी एक धरा. फक्त प्राथमिकची मुलं असतील तर पांढरी दोनपर्यंत चालेल. पुरुष खालच्या सप्तकात म्हणतील, त्यांना खेचू नका.

आणखी एक. तार षड्जानंतरचे दोन 'जय हे' एकेक पायरी उतरतात आणि शेवटचं 'जय जय जय जय हे' खालून पुन्हा चढत जाऊन मध्यमावर, म्हणजे म वर, थांबतं. षड्जावर नाही. बहुतेक गाणी घरी, म्हणजे सा वर, परत येतात. हे येत नाही. म्हणून संपल्यावरही क्षणभर काहीतरी बाकी आहे असं वाटतं आणि मग कुणीतरी "भारत माता की" म्हणतं. ती घोषणा कुठल्या नियमात नाही, पण कानाला तिची गरज वाटते, असं माझं आपलं मत.

७. ५२ सेकंदांत संपलंच पाहिजे का? आमचं ५८ सेकंद झालं तर गुन्हा?

नाही. गृह मंत्रालयाच्या सूचनांत पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद असं लिहिलं आहे, 'सुमारे' धरून. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन म्हटल्या जाणाऱ्या संक्षिप्त राष्ट्रगीताला सुमारे २० सेकंद. घड्याळ लावून म्हणायला लावणारे पी. टी. चे सर मी पाहिलेत. त्यातून फक्त शब्द गिळले जातात, बाकी काही नाही.

८. राष्ट्रगीतात 'मराठा' आहे, म्हणजे आमच्या जातीचं नाव आहे ना?

जातीचं नाही, प्रदेशाचं. पंजाब, सिंध, गुजरात, द्राविड, उत्कल, बंग यांच्या रांगेत आलेला शब्द आहे. उत्कल म्हणजे ओडिशा, बंग म्हणजे बंगाल. तसा मराठा म्हणजे मराठी मुलूख आणि तिथली सगळी माणसं. बाहेरचे लोक आपल्या सगळ्यांनाच मराठा म्हणत आले आहेत.

तो शब्द आला की आमच्याकडे आवाज चढतो, हे मात्र खरं. साताऱ्यात जास्त चढतो. चढू दे. फक्त पुढचा 'द्राविड' तेवढ्याच आवाजात म्हणा. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तिथे एकदा मुलांना शिकवायला गेले होते, तर ती मुलं नेमकी 'द्राविड'ला जोर लावत होती. मला फार बरं वाटलं.

९. सिंध पाकिस्तानात गेला, मग तो शब्द अजून का?

हाच प्रश्न घेऊन २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. सिंधच्या जागी काश्मीर घाला अशी मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे नकाशा किंवा राज्यांची यादी नव्हे, असा त्याचा मथितार्थ. यादी मानली तर महाराष्ट्राशेजारचा कर्नाटकही नावाने त्यात नाही आणि राजस्थानही नाही. आणि फाळणीनंतर इकडे आलेली सिंधी कुटुंबं आपल्या बाजारपेठेत आहेत. त्यांच्या आजोबांना विचारा तो शब्द ऐकून काय वाटतं.

१०. हे गाणं पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं होतं म्हणतात. मग म्हणायला जीव होत नाही.

जीव घट्ट करायला हवा असेल तर तारखा बघा. १९११ च्या डिसेंबरात राजा भारतात होता, त्याच सुमारास कलकत्त्याचं अधिवेशन झालं. २७ तारखेला तिथे दोन गाणी झाली: एक ठाकुरांचं 'जन गण मन', दुसरं राजाच्या स्वागताचं, वेगळ्या कवीचं, हिंदीत. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ करून छापलं आणि तो घोळ शंभर वर्षं चालला आहे.

ठाकुरांनी स्वतः १९३७ साली एका पत्रात खुलासा केला की राजाची स्तुती लिहा अशी विनंती आली तेव्हा आपण चिडलो आणि युगानुयुगांच्या भाग्यविधात्यावर हे गीत लिहिलं. तो कुणी जॉर्ज असू शकत नाही. ज्या माणसाने जालियनवाला बागेनंतर सर पदवी परत केली त्याच्याबद्दल एवढा खुलासा पुरे व्हावा.

११. भाषणासाठी हवंय: आपल्या जिल्ह्याचा राष्ट्रगीताशी काय संबंध?

थेट काही नाही आणि ओढूनताणून जोडू नका. पण एक योग सांगते, मी वर्गात नेहमी सांगायची.

१९४२ साली सातारा आणि सांगली मिळून एकच सातारा जिल्हा होता. (१९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली.) ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. परशुराम घार्गे पुढे होते, हातात झेंडा. गोळीबार झाला, नऊजण गेले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात मोर्चावर गोळीबार. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, दूर जर्मनीत हँबर्ग शहरात सुभाषबाबूंच्या पुढाकाराने झालेल्या एका समारंभात वाद्यवृंदाने 'जन गण मन' भारताचं राष्ट्रगीत म्हणून वाजवलं. असं ते प्रथमच वाजलं.

वडूजच्या माणसांना हे गाणं राष्ट्रगीत होणार हे ठाऊक नव्हतं. हँबर्गच्या वादकांना वडूज ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तीन दिवसांत तीन गोष्टी घडल्या, एवढंच. भाषणात एवढंच सांगा आणि खाली बसा.

१२. थिएटरमध्ये राष्ट्रगीत लावणं बंद झालं का? लागलं तर उठायचं का?

३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर सक्तीचं झालं होतं. ९ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बदलला: लावायचं की नाही हे थिएटरवाल्यांनी ठरवावं, पण लावलं तर प्रेक्षकांनी उभं राहून मान द्यावा. आमच्या महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून, २००३ पासून, लावत होते, म्हणून आपल्याला सवय आहे.

सिनेमाच्या गोष्टीतच राष्ट्रगीत आलं, म्हणजे खेळाडूला पदक मिळालं वगैरे, तर उठायची गरज नाही. हेही न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं.

आणि कुणी बसून राहिलं तर? तुमचं काम तुम्ही करा. त्याच्या पायाला काय झालं आहे हे अंधारात तुम्हाला दिसत नाही (प्रश्न १४). हात उचललात तर मात्र गुन्हा तुमच्यावर.

१३. माझं नाव वाचलं की लोक माझ्या ओठांकडे बघतात. मी म्हणतो, आवडीने म्हणतो. पण ते बघणं सहन होत नाही.

तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. लगेच उत्तर दिलं नाही याबद्दल माफ करा.

मी मिरजेत वाढले. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथे दर्ग्याच्या उरुसाला गवई हजेरी लावतात, जिथल्या सतारमेकर गल्लीतले तंबोरे देशभर जातात, त्या गावात मला पहिला सूर ज्यांनी लावून दिला त्यांचं नावही तुमच्यासारखंच होतं. झेंडावंदनाला ते पेटीवर बसायचे. तेव्हा कुणी त्यांच्या ओठांकडे बघत नसे, सगळे त्यांच्या बोटांकडे बघायचे.

तुम्हाला मी "दुर्लक्ष करा" असं सांगणार नाही, ते सांगणं सोपं आहे. बघणाऱ्यांना सांगते. सावधान म्हटल्यावर नजर समोर असते. शेजाऱ्याच्या तोंडाकडे वळलेली मान ही पहिली चूक, आणि ती तुमची आहे.

१४. वडिलांना अर्धांगवायू झालाय. राष्ट्रगीताला ते उठायची धडपड करतात, पडायची भीती वाटते.

ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना सूट आहे. थिएटरच्या प्रकरणात न्यायालयाने दिव्यांगांसाठी ती स्पष्टपणे दिली होती, आणि कुठल्याही समजूतदार समारंभात ती गृहीतच असते. पण तुमचा प्रश्न नियमाचा नाहीच, वडिलांच्या मनाचा आहे. त्यांना बसूनच ताठ व्हायला सांगा, हात मांडीवर. आणि तुम्ही त्यांच्या मागे नको, शेजारी उभे राहा. मागे राहिलात की त्यांना वाटतं, सगळे उभे आणि मी एकटा खाली.

१५. माझी मुलगी ऐकू-बोलू शकत नाही. तिच्यासाठी काही आहे का?

आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सांकेतिक भाषेतल्या राष्ट्रगीताची चित्रफीत सरकारने प्रसिद्ध केली. इंटरनेटवर सहज सापडते. तिला शिकवाच, आणि जमलं तर तिच्या वर्गालाही. 'तरंग'ला हाताची लाट होते ती पाहून माझ्या नातवाने आता तोंडाने म्हणणं सोडून हातानेच सुरू केलं आहे.

१६. मुलाला राष्ट्रगीत हळू म्हटलं म्हणून उन्हात उभं केलं. तक्रार करावी का?

करा, पण आधी वर्गशिक्षकांना भेटा. अशीच एक गोष्ट मी नोकरीत असताना घडली होती, शाळेचं नाव सांगत नाही. मुलगा दुसरीतला, आवाजच बारीक. त्याला अर्धा तास उन्हात ठेवलं. मी मध्ये पडले तर मलाच ऐकवलं की संगीताच्या बाईंनी शिस्तीत लक्ष घालू नये. पुढे तो मुलगा चौथीपर्यंत फक्त ओठ हलवायचा, आवाज काढायचाच नाही. राष्ट्रगीताला लागलेली ती शिक्षा मला अजून बोचते. कायद्याचं काय ते प्रश्न ३ मध्ये आहे, त्या निकालाचा उल्लेख करा, फरक पडतो.

१७. भिलवडीत रोज राष्ट्रगीत लागतं. रोज म्हटल्याने भावना बोथट होत नाही का?

पलूस तालुक्यातल्या भिलवडीत १५ ऑगस्ट २०२० पासून रोज सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी बाजारपेठेत स्पीकरवर राष्ट्रगीत लागतं. दुकानदार गल्ल्यावरून उठतात, गाडीवाले थांबतात. तेलंगणातल्या जम्मिकुंटा गावात २०१७ पासून असं सुरू झालं होतं.

मला शंका होती, म्हणून मुद्दाम बघायला गेले. खरं सांगायचं तर कुणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. भाजीवाल्या मावशीने काट्यातली मेथी तशीच ठेवली, ५२ सेकंद सरळ उभी राहिली आणि संपल्यावर त्याच वाक्यापासून भाव सांगू लागली. मला ते आवडलं. बोथट झालं असेल, पण मोडलं नाही. जबरदस्तीने सुरू झालं असतं तर एवढी वर्षं टिकलं नसतं असं वाटतं. तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर आधी व्यापाऱ्यांना विचारा, मग स्पीकर आणा. उलटं करू नका.

१८. राज्यगीताला लोक टाळ्या वाजवतात, ताल धरतात. राष्ट्रगीताला का नाही?

'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालं. कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळ्यांचा, आणि शाहीर आपल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे. ते पोवाड्याच्या बाजाचं गाणं आहे, डफ ऐकला की हात हलणारच. राष्ट्रगीत ही प्रार्थना आहे. दोन्ही एकाच कार्यक्रमात असतील तर राष्ट्रगीताचा मान पहिला.

छातीवर हात ठेवायची पद्धत अमेरिकेतली. आपल्याकडे सावधान, हात बाजूला. संपल्यावर टाळ्या वाजवायची रीत नाही. कुणी वाजवल्याच तर त्याला रागावू नका, तो बहुधा लहान असतो.

१९. लग्नात किंवा गणपतीच्या आरतीनंतर राष्ट्रगीत लावलं तर चालेल का?

सामूहिक गायनाचे सगळे प्रसंग सरकारने मोजून दिलेले नाहीत. मान राखून म्हणायला हरकत नाही, अशी सूचनांची दिशा आहे. पण लग्नाच्या मांडवात एक वाढपी बासुंदीचं भांडं घेऊन अवघडून उभा, फोटोग्राफर स्टुलावर आणि नवरा मुंडावळ्या सावरतोय, हे मी पाहिलं आहे. मान राखणं जमणार नसेल तिथे नकोच. मंडळाला म्हणायचंच असेल तर डीजे आधी पूर्ण बंद करा, दोन मिनिटं जाऊ द्या, आणि रेकॉर्ड न लावता तोंडाने म्हणा.

२०. घरी टीव्हीवर लागलं, किंवा रस्त्याने जाताना शाळेतून ऐकू आलं तर?

घरी उठण्याची सक्ती नाही. आमच्याकडे आई उठायची, वडील पेपर खाली ठेवायचे, एवढंच. रस्त्यात गाडी बाजूला घेता आली तर घ्या. महामार्गावर मधेच ब्रेक मारू नका.

२१. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं, हे खरं का?

खोटं. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही. पुढच्या ऑगस्टलाही मला पाठवू नका.

२२. मुलगी अमेरिकेत आहे. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं. समारंभात तिने तिकडचं राष्ट्रगीत म्हटलं आणि रात्री फोन करून रडली. ती चुकली का?

आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचं घेताना इकडचं सुटतं. ती रडली ते त्या कागदासाठी असेल. गाण्याने काही बिघडत नाही. ज्या देशात राहतो तिथलं राष्ट्रगीत म्हणणं हा शिष्टाचार आहे. आणि त्यांचं गाणं अवघड आहे बरं, दीड सप्तकाचा पल्ला आहे त्याचा. तिने ते पूर्ण म्हटलं असेल तर माझ्याकडून शाबासकी द्या.

तिकडे २६ जानेवारीला आपली मंडळी जमतात, आणि तिथे भारताचं राष्ट्रगीत म्हणायला तिला कुणी अडवत नाही. मी मागच्या वर्षी तिच्यासारख्याच एका माजी विद्यार्थिनीला व्हिडिओ कॉलवर सूर दिला होता. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. तिच्या मुलाने 'मागे'चा अर्थ विचारला आणि तिनेच मला न विचारता बरोबर सांगितला.